साबणाला पाणी मिळालंच पाहिजे

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. नरकचतुर्दशीच्या पहाटे, पहिली आंघोळ सुरू होता होता, कोल्हापुरात, आमच्या शाहूपुरीतल्या घरात, न्हाणीच्या दारात. करणारे परके नव्हते. आई, वडील, दादा, सगळे घरचेच, अंगाला तेल माखून उभे, आणि सगळे हसतमुख. तोवर मी कॉलेजात बसच्या भाडेवाढीवर, रॉकेलवर, वसतिगृहातल्या कोरड्या नळांवर पत्रकं लिहिली होती. तिथे शत्रू कोण ते पहिल्याच ओळीत ठणकावून लिहिता यायचं. इथे शत्रूच माझ्या पाठीला उटणं लावत होता.

आता हे प्रकरण मुळापासून सांगते.

वहिनी हातकणंगल्याकडची. लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. तिकडे तिचे मामा एका लहानशा साबणाच्या कारखान्यात कामाला. वड्या कापताना कडेची कातरण उरते, ती त्यांना स्वस्तात मिळायची. दसऱ्याला भाचीकडे येताना मामांनी पोतंभर कातरण आणून आमच्या सोप्यात टाकली. आईला वाटलं, वर्षभराच्या धुण्याची सोय झाली. वहिनीने मात्र त्यातला एक तुकडा उचलून खिडकीशी धरला. ग्लिसरीनचा साबण तो, काचेसारखा.

"वन्सं, ह्यातनं पलीकडचं दिसतंय बघा," ती म्हणाली.

मी बघितलं. पलीकडे आमचीच सायकल दिसली, मधाच्या रंगाची. तेवढ्यात वहिनीच्या डोक्यात आलं होतं की हा साबण वितळवायचा आणि त्याची फुलं, मासे करायचे.

साचे शेजारी होते. आमची आणि चाचींची भिंत एकच. त्यांच्या घरात वर्षभर बत्तासे व्हायचे आणि शिमग्यापासून पाडव्यापर्यंत गुढीला बांधायच्या साखरेच्या गाठी. गाठीचा साचा म्हणजे लाकडाच्या दोन फळ्या, आतून फुलं, मासे, कलश कोरलेले. मध्ये दोरा धरायचा, फळ्या आवळून बांधायच्या, वरून पाक ओतायचा. पाडवा सरला की ते साचे पुढच्या शिमग्यापर्यंत माळ्यावर. वहिनीने मागितल्यावर चाची कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"साबन? मेरे साचे में? अगं बेटी, परत त्यात साखर वतायची हाय. पाडव्याला लोकांच्या तोंडाला फेस यील की."

पण बाई मोठ्या मनाची. कडा झिजल्यामुळे बाजूला टाकलेला एक जुना जोड त्यांनी काढून दिला, कायमचाच दिला, आणि वर बजावलं की साचा आधी रात्रभर पाण्यात भिजव.

साखरेला ते बरोबर असेल, साबणाला नव्हतं. आमचा पहिला घाणा साफ फसला. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं, त्यात कातरण, खाली स्टोव्ह. वितळायला इतका वेळ लागला की मी स्टोव्हला पंप मारत सुटले. साबणाला उकळी फुटली आणि काचेसारखा साबण दुधासारखा पांढरा झाला. ओल्या लाकडाला तो असा चिकटला की दाभणाने खरवडून काढावा लागला. हाताला आल्या त्या काही मळकट पांढऱ्या, दोऱ्यात ओवलेल्या गोळ्या. त्यात मी केवड्याचं अत्तर घातलेलं. चाची बघायला आल्या आणि म्हणाल्या, ही तर आमची गाठीच झाली. हे वाक्य लक्षात ठेवा.

दुसऱ्या वेळी वहिनीने मला स्टोव्हपासून लांब बसवलं. साच्याला तिने खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. आच बारीक ठेवली. ढवळलं नाही, कारण ढवळलं की बुडबुडे येतात आणि ते तसेच आत गोठून बसतात. पातेलं नुसतं हलकं हलकं हिंदकळवायचं. जिलेबीचा रंग घातला तर केशरी फुलं झाली. मिठाईतला हिरवा घालून वाळ्याचं अत्तर टाकलं, त्याचे मासे झाले. एकदा गुलाबाच्या पाकळ्या घालून बघितल्या, त्या आत तंबाखूसारख्या काळ्या पडल्या. तो प्रयोग तिथेच संपला. बाकीचे साबण तिने परसात दांडीवर दोऱ्यांनी टांगले. ऊन त्यांच्यातून आरपार जायचं आणि चाचींच्या आणि आमच्या भिंतीवर रंगीत ठिपके हलायचे. सगळी आळी बघायला लोटली. दोरा तिने मुद्दाम ठेवला होता. आमच्या न्हाणीत साबण हातातून निसटून मोरीत जाणं ही रोजची कटकट. दोऱ्याचा साबण खुंटीला टांगायचा, तो कुठे जाणार?

म्हणजे बघा, सुंदर होता आणि सोयीचाही होता. त्यात खोट काढायला जागा नव्हती. आणि तरी.

दिवाळीच्या पहाटे वहिनीने न्हाणीत ओळीने साबण टांगले. वडिलांना कलश, दादाला मासा, आईला मोठं फूल. स्वतः बाहेर बंबापाशी बसून जळण आत सारत राहिली. मला ठाऊक होतं ती कशाची वाट बघतेय. अंगावर साबण घासल्याचा एक आवाज असतो, पाण्याच्या दोन तांब्यांच्या मधला. तो तिला ऐकायचा होता.

वडिलांनी कलश खुंटीवरून काढला, फिरवून फिरवून बघितला आणि परत टांगला. इतका देखणा साबण अंगाला फासायचा म्हणजे जिवावर येतंय, असं म्हणून त्यांनी दुकानातली वडी मागवली. दादा लेथवर काम करायचा. त्याने काळे पडलेले हात पुढे करून दाखवले आणि विचारलं, ह्या हातांनी ह्यो मासा धरू व्हय? मग आई आत गेली, सगळे साबण पदरात गोळा केले, आणि सोप्यातल्या शोकेसची किल्ली फिरवली. माझी पाळी येईपर्यंत खुंट्या मोकळ्या.

त्या शोकेसविषयी सांगायला हवं. त्यात कधीही चहा न प्यालेले कप होते. प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न आलेली बाहुली होती. आईच्या लग्नातली अत्तरदाणी होती, जिने आईच्या लग्नानंतर अत्तर पाहिलं नव्हतं. आमच्या घरात एखाद्या वस्तूचा कौतुकाने अंत करायची ती जागा. वहिनीने उघड्या दारातून ते सगळं बघितलं आणि बंबात अजून एक लाकूड सारलं. पाणी कढत झालं होतं, तरीही.

फराळाला आलेल्या प्रत्येकाने शोकेससमोर उभं राहून तोंडाला हात लावला. आईचा ऊर भरून आला. तिने येणाऱ्या प्रत्येकाला एकेक साबण दिला, बावड्याच्या काकांकडे तर पुडीत बांधून पाठवला. वहिनी महिनाभर भेटेल त्याला विचारत राहिली, वापरला का? आणि सगळीकडून एकच उत्तर, अगं, वापरवंना. चाची तेवढ्या प्रामाणिक. त्यांनी सांगितलं, बेटी, दर्ग्याच्या तसबिरीखाली ठेवलाय, रोज पुसते.

माझं डोकं सणकलं. मी पत्रक काढलं. पांढऱ्या कागदावर, बोरूने, लाल शाईत, मथळा हाच जो वर दिला आहे. मागण्या खाली. साबणाला पाणी मिळालंच पाहिजे, नुसत्या कौतुकाने कारागिराचं पोट भरत नाही, शोकेसची किल्ली लोकांच्या ताब्यात द्या. न्हाणीच्या दारावर चिकटवलं. वडील टॉवेल गुंडाळून, बादली हातात घेऊन, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत उभे राहिले आणि म्हणाले, जोरात झालंय. मग नेहमीची वडी घेऊन आत गेले.

आईने वाचलं नाही. आईने बघितलं. केवढं वळणदार अक्षर आलंय माझ्या लेकीचं, म्हणाली. संध्याकाळी मी कॉलेजातून परत आले तर दारावर पत्रक नाही. सोप्यात आले तर ते शोकेसमध्ये, माशांच्या मागे, उभं करून ठेवलेलं.

वहिनी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "चला वन्सं, तुम्हीबी आत गेलासा," म्हणाली.

असा हिवाळा गेला. पाडवा आला. पाडव्याला दिवस कलल्यावर बावड्याचे काका सायकल हाणत आमच्या गल्लीत शिरले, पण आमच्या दारात न थांबता पुढे चाचींच्या दारात. काका म्हणजे ऊसवाला माणूस, साखरेच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणारा नव्हे. तिथून त्यांचा आवाज आमच्या परसात पोचला. तुमच्या गाठीत भेसळ हाय, म्हणत होते, साखरंत काय कालवलायसा, प्रसाद म्हणून फोडली, तोंडात टाकली, आणि तोंडाला हा फेस.

चाची बिचाऱ्या शपथा घेत होत्या की औंदा बावड्याला आपली एक गाठ गेलेली नाही. काकांनी पुरावा म्हणून खिशातून उरलेला तुकडा काढला. पांढरा, दोऱ्यातला, केवड्याच्या वासाचा. पहिल्या घाण्यातला. आईने दिवाळीत पुडीतून काय पाठवलंय हे सांगितलंच नव्हतं, आणि काकीने ती शिळी गाठ समजून डब्यात जपून ठेवली होती, पाडव्याला गुढीला बांधायला.

गल्ली जमली. काका लालबुंद. आणि आमची वहिनी, जी सासरच्या माणसांपुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, ती गर्दीतून वाट काढत थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, फेस चांगला आलता का वो?"

काकांना कळेना. त्यांनी तिच्याकडे बघितलं, तुकड्याकडे बघितलं, आणि खरं तेच सांगितलं. "आलता की. लई आलता. तांब्याभर पाण्यानं जाईना."

वहिनीचं तोंड असं फुललं की मला आजवर कुठल्याच विजयी मोर्चात तसं तोंड दिसलेलं नाही. तिच्या साबणाचा पहिला फेस बावड्याच्या काकांच्या तोंडात झाला. चाची मात्र त्या दिवसापासून काकांना बघितलं की विचारायच्या, पावणं, तोंड धुतलं का?

त्या हसण्यात आम्ही सगळे होतो, पण वहिनीने त्यातून एक गोष्ट उचलली. परत येताना म्हणाली, गाठ फोडली म्हणून तोंडात गेली. अख्खी असती तर अजून टांगलेलीच असती. आणि चार दिवसांनी तिने नवा घाणा घातला. साचा उघडला, साबण कोमट होते, आणि एकेका फुलाच्या, एकेका माशाच्या पोटावर तिने अंगठा दाबला. खोल. खवल्यांमध्ये खळगा पडला.

आईने हळहळ केली. एवढा चांगला साबण, बोट उमटलं की त्याच्यावर. मोडकं, चेपलेलं शोकेसमध्ये कसं ठेवायचं? आईच्या राज्यात त्याला एकच जागा होती, न्हाणी. दुसऱ्या दिवशीपासून सगळे त्याच साबणाने आंघोळ करायला लागले. दादाचे काळे हातही स्वच्छ निघाले. मोरीत एक साबण गेला नाही.

मी मात्र भडकले. कारागिराने आपल्या हाताने आपला माल बिघडवायचा, तेव्हा कुठे तुम्ही तो हातात घेणार? हा विजय नाही, ही तडजोड आहे, असं मी वहिनीला सुनावलं. ती केस विंचरत होती.

"साबण हाय त्यो, वन्सं," ती म्हणाली. "भिजला म्हंजे झालं."

पण झालं नव्हतं. घाणा काढताना मी तिला बघायची. अंगठा टेकवायच्या आधी ती मासा उजेडात धरायची, क्षणभर आरपार बघायची, आणि मग दाबायची. प्रत्येक वेळी. सवय झाली असती तर तिने बघणं सोडलं असतं.

पुढची दिवाळी आली. वसुबारसेला आम्ही परसात साचे मांडून बसलो होतो. आई आतून आली, दांडीवरचे आधीचे साबण बघत उभी राहिली. पाडव्यापासून रोज वाळ्याच्या वासाने आंघोळ केलेली बाई ती. आमच्या आईने लहानपणी वडीचे उरलेले पापुद्रे एकमेकांना चिकटवून दिवस काढले. चांगली वस्तू संपते, हे भय तिच्या हाडात होतं. शोकेस तिने त्या भयापोटी मांडली होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आज कळतं. तरी माझी मागणी मी मागे घेत नाही. वहिनीने हिरवा मासा काढला आणि अंगठा वर केला.

"औंदा माझ्या माशावर बोट नको उमटवूस गं," आई म्हणाली. "माझा अख्खाच दे."

वहिनीने विचारलं, "शोकेसला?"

"अंगाला."

नरकचतुर्दशीला पहिली आंघोळ आईने केली, वडिलांच्याही आधी, हा आमच्या घरातला विक्रमच. वहिनी बंबापाशी. दोन तांब्यांच्या मधला आवाज आला. बराच वेळ आला. आई बाहेर पडल्यावर वहिनी आत गेली आणि मला हाताने बोलावलं. मासा खुंटीवर हलत होता, ओला, खवले गुळगुळीत झालेले.

"झिजला बघा," ती म्हणाली, पोर पास झाल्यासारखी.

आमच्या घरचा प्रश्न सुटला. तुमच्या घरचा नाही. पहिल्या दिवाळीत आईने वाटलेले साबण कोल्हापुरात कुठे कुठे आजही काचेमागे बसलेत, हे मला माहीत आहे. आणि तो साबण नसेल तर कुणीतरी विणलेला रुमाल असेल, शिवलेली पिशवी असेल, आणि करणारी बाई अजून विचारायला लाजत असेल. तेव्हा वाचून झालं की उठा. किल्ली शोधा. काच सरकवा. साबण असेल तर आजच नळाखाली धरा, अख्खा. मासा असेल तर शेपटीकडून सुरुवात करा. आणि जिने केला तिला जाऊन सांगा, फेस कसा आला.