मागच्या पानावरची हळद

माझ्या लेकीच्या लग्नात लेकीला हळद मी लावायची नाही, हे माझ्या सासूनं मला गिरणीत येऊन सांगितलं. समोर गिऱ्हाईक बाई उभी होती. तिच्या डब्यात हळकुंडंच होती, तिच्या भाचीच्या लग्नाची.

"तू बेवा हायस," सासू म्हणाली. "बेवा बाईनं नवरीला हात लावायचा न्हाई. आपल्या किताबातच लिवलंय."

मी मशिन बंद केलं. सांगलीत आमच्या गल्लीतली पिठाची गिरण आणि शेजारचं हळद-मिरचीचं कांडप माझं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून एकटी चालवते. पट्टा निसटला तर मीच चढवते, कारागिराची वाट बघत बसत नाही. गल्लीतल्या प्रत्येक लग्नाची हळद माझ्याकडे दळली जाते, हिंदूंची असो की आमची. विधवेनं दळलेली हळद नवरीला बाधत नाही, विधवेचं बोट तेवढं बाधतं! काय ही अक्कल! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण गिऱ्हाइकासमोर तमाशा नको म्हणून म्हटलं, "अम्मा, घरी बोलू."

घरी गेल्यावर विचारलं, "कुठल्या पानावर लिहिलंय ते दाखवा."

मला वाटलं होतं, गप्प बसेल. पण बाईनं हातपाय-तोंड धुऊन वजू केली, वरच्या फळीवरचं हिरव्या गिलाफातलं कुराण उतरवलं, मस्तकाला लावलं आणि थेट शेवटची पानं उघडली. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे बघ. माझ्या सासूनं मला हितंच दावलं हुतं."

आमचं वाचणं कसलं, ते आधी सांगते. लहानपणी मशिदीत बसून अरबी उच्चार शिकलो. आवाज चढवून वाचता येतं, अर्थ विचाराल तर शून्य. शाळा मराठी, घरात बोलणं अर्धं दखनी, अर्धं मराठी. पोथी जुनी, छपाई अशी की हातानं लिहिल्यासारखीच दिसते. ती ओळ मी पुटपुटून बघितली, पण जिभेवर येईना. अक्षरांच्या वरखाली ज्या खुणा असतात, ज्यांच्यावरून आम्ही वाचतो, त्या तिथं नव्हत्याच. तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझ्याकडे मराठी भाषांतर होतं, कुणीतरी वाटताना दिलेलं. ते काढून बसले. चार दिवस दुपारी, गिरण बंद असायची तेव्हा. सापडलं ते उलटंच. नवरा गेलेल्या बाईनं चार महिने दहा दिवस थांबावं, मग ती रीतीनं स्वतःचं जे काही करील त्याचा दोष तुमच्यावर नाही. माझे चार महिने कधीच संपले होते. हळदीचा तर सगळ्या पुस्तकात पत्ता नाही. अर्थात मीही काही सोवळी नाही. मला हवं ते पान सापडल्यावर मी थांबले, आणि वाटेत जी पानं मनाला टोचली ती भरभर उलटली. आपल्या सोयीचं वाचायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढला आणि मशिदीच्या दारात मौलानांना गाठलं. पोरगेलासा माणूस, बाहेरच्या राज्यातून आलेला. माझ्याकडे न बघता त्यांनी फोन घेतला, फोटो मोठा करून वाचला आणि हसले. म्हणाले, ही आयत नाही, कुराणातलं वचन नाही, ही उर्दू आहे. कुणीतरी कोऱ्या पानावर हातानं लिहिलंय. मग वाचून दाखवलं: हल्दी पाँच सुहागनें लगाएँ, बेवा हाथ न लगाए. त्याच्या वरच्या ओळीत पोराच्या, म्हणजे माझ्या आजेसासऱ्याच्या, जन्माचा वार होता नावासकट, आणि खालच्या ओळीत म्हैस व्यायल्याचा.

म्हैस! तीन पिढ्या जी ओळ देवाची म्हणून मस्तकाला लावली, ती माझ्या आजेसासऱ्याच्या बापाची टिपणवही निघाली. आणि शब्द काय, तर सुहागन. अरबस्तानात सुहागन कुठून आली? ती आमच्या शेजारच्या घरातून आली, कुंभारांच्या, गुरवांच्या ओटीवरून. त्यांच्याकडे सवाष्ण म्हणतात, आम्ही सुहागन म्हटलं, आणि म्हाताऱ्यानं जपून ठेवायला घरातलं सगळ्यात मोठं पुस्तक निवडलं.

मी इतकी खूश झाले की मौलानांना म्हटलं, तुम्ही घरी येऊन एवढं सांगा. त्यावर त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, सांगतो, पण मग हळदच बंद करा. गाणी बंद करा. हे सगळं दुसऱ्यांचं आहे, मनाई आहे. मी विचारलं, "हे कुठं लिहिलंय?" ते म्हणाले, आमच्या बुजुर्गांनी लिहून ठेवलंय.

"मग हेही आमच्या बुजुर्गांनीच लिहिलंय की," मी म्हटलं आणि फोन हिसकावूनच घेतला. चूक केली, कबूल आहे. पण तो माणूस माझ्या घरातली एक ओळ खोडून तिथं त्याच्या घरातली ओळ लिहायला निघाला होता. राग येणार नाही तर काय?

सासूला मीच सांगितलं. म्हैस सुद्धा सांगितली. वाटलं, आता तरी तोंड मिटेल. तिनं गिलाफाची गाठ मारता मारता माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच घरात चोरी केली होती.

"कुराणाच्या आत हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग कुराणातलंच की."

"अम्मा, ते तुमच्या आजेसासऱ्याचं अक्षर आहे! मग म्हशीचंही मानायचं का?"

"त्वांड सांभाळ. लय शानी झालीस भाषांतर वाचून." तिचा आवाज चिरकला. "धाकट्याच्या लग्नात मी आतल्या खोलीत बसलेली. पोटचं पोर माझं. तू हुतीस त्या पाच जणींत, नटूनथटून. तवा इचारलंस का मला, अम्मा, कुठं लिवलंय म्हणून? आता तुज्यावर आलं तवा किताब उघाडली व्हय? आनि हे सगळं खोटं असंल, तर तुजा सासरा गेल्यापासनं मी सतरा वर्सं मागं बसले ती कशापायी गं?"

मी खरंच होते त्या पाच जणींत. हिरवा शालू नेसले होते, पहिली हळद मी लावली होती, आणि सासू आत बसलीय हे मला दिसलंसुद्धा नव्हतं. तरी मी माघार घेतली नाही. उलट भांडले, आणि घालून पाडून बोलले. म्हटलं, तुम्ही बसलात म्हणून मी बसणार नाही. पंधरा दिवस जेवणाचं ताट मी आपटायची, ती सरकवायची.

लेक माझ्या बाजूनं होती. मेडिकलच्या दुकानात कामाला आहे, शिकलेली. तो फोटो बघून पोट धरून हसली. म्हणाली, "अम्मी, तूच लावायचीस हं. बघू कोण काय बोलतं." त्या एका वाक्यावर मी सगळ्यांना अंगावर घेतलं.

हळद दुपारी होती. कराडहून मुलाकडच्या बायका आल्या, गाडी भरून. लेक पाटावर बसली, पिवळ्या ओढणीत. पाच सुहागनींनी लावून झाली. सासू आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसलेली. मी जावेच्या हातातून वाटी घेतली आणि पुढं झाले. गाणं मधेच थांबलं. मुलाच्या फुफीनं, म्हणजे आत्यानं, शेजारणीच्या कानाला तोंड लावलं. लावू दे म्हटलं, मला ते चार महिने दहा दिवसांचं पान तोंडपाठ आहे.

मी वाकले, बोटं भरून घेतली. आणि लेकीनं मान मागं घेतली. थोडीच, कुणाला कळणारही नाही इतकी.

"अम्मी," ती अगदी हळू म्हणाली, "तुझं सगळं खरंय गं. पण काही झालं तर?"

काय होणार, असं मी ताडकन म्हणायला हवं होतं. पंधरा दिवस जिभेला धार लावून बसले होते मी. त्या म्हाताऱ्याची उर्दू मी उडवून लावली होती, मौलानांना दारात गप्प केलं होतं. पण डोळ्यांपुढं एकदम होणारा जावई आला, रोज हायवेनं मोटारसायकलवर कामाला जाणारा. उद्या काही झालं तर? खोटं कशाला सांगू, माझा हात आपला आपणच थांबला. तिच्या गालापाशी. तो पुढं जाईना. तिनं मान मागं घेतली नसती तरी गेला असता की नाही, मला आजही सांगता येत नाही.

मी वाटी जावेला परत दिली. सगळ्या बायका बघत होत्या. मी वळले तेव्हा सासू माझ्याकडेच बघत होती. मला वाटलं, आता टोमणा मारणार, जिंकली ना ती. मारला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

ती नुसती सरकली, भिंतीशी आपल्या शेजारी जागा केली.

"बस," ती म्हणाली. "हुईल सवय."

मी बसले.