सायखेड्याला बाई मुराळी गेली

"फुकटात टॅक्सी चालवायला परदेशात गेलीस का गं ताई?" हा आमच्या घरच्या ग्रुपवर आलेला प्रश्न. विचारणारा माझा सख्खा धाकटा भाऊ नितीन, आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

हो, चालवते. काय म्हणणं आहे?

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात माझ्या नवऱ्याची औषध कंपनीत नोकरी आहे. मुलगी कॉलेजात, आणि मी सुरुवातीला घरात बसून खिडकीबाहेरचा पाऊस बघत होते. वैताग आला तेव्हा तिथल्या एका संस्थेत नाव घातलं. ज्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायला कुणी नाही, त्यांना आपल्या गाडीतून न्यायचं, बाहेर थांबायचं आणि घराच्या दारापर्यंत परत सोडायचं. पेट्रोल संस्थेचं, वेळ आपला. तुमच्यापैकी कुणी बाहेरदेशी असाल आणि असं काही करावंसं वाटत असेल, तर आधी पोलीस पडताळणी होते, तिला वेळ लागतो, धीर धरा. नियम थोडेच असतात. आजार विचारायचा नाही, डॉक्टरांच्या खोलीत बोलावल्याशिवाय शिरायचं नाही, आणि गाडीतल्या माणसाच्या वतीने काहीही ठरवायचं नाही. केक दिला तर मात्र खायचा! तिथल्या म्हाताऱ्यांच्या गप्पा कळायला लागल्या की तो देश आपला वाटू लागतो, हे मी अनुभवाने सांगते.

तर नितीनच्या त्या प्रश्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी काशीआत्याला फोन लावला. आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. सत्तरी कधीच ओलांडलेली, राहते नाशिकजवळ सायखेड्याला, मुला-सुनेजवळ. मी व्हिडिओवर हात हलवतेय आणि ही भलतीकडेच बघतेय.

"तुझं तोंड दिसत नाय गं आता. नुसता आवाज येतो," आत्या म्हणाली. "दिवाळीपासून मला एकटीला नदीवर जाऊ देत नायत. चुलीपाशी जाऊ देत नायत. ओट्यावर बसवून ठेवलंय, देव्हाऱ्यातल्या देवावानी."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरने ऑपरेशन सांगून दोन वर्षं झाली होती. तिचा मुलगा संपतदादा दर वेळी म्हणतो, द्राक्षं निघू दे. द्राक्षं निघाली की कांदे, कांदे झाले की भावकीतलं लग्न. माझं डोकंच फिरलं. कॉर्कच्या म्हाताऱ्या नोराबाईला मी डोळ्यांच्या तपासणीला नेते, तिला थांबायला लागू नये म्हणून पाऊण तास आधी निघते, आणि माझी सख्खी आत्या ओट्यावर चाचपडतेय? मी जानेवारीचं तिकीट काढलं. ग्रुपवर लिहिलं, "फुकटची टॅक्सी नाशिकला येतेय." कुणीही हसलं नाही.

मुंबईहून नाशिकला येणाऱ्यांसाठी: आता समृद्धीवरून इगतपुरीपर्यंत सुसाट येता येतं, कसारा घाट टळतो. पण चहाला थांबायची मजाही टळते, हे लक्षात ठेवा. नितीन राहतो इंदिरानगरला. त्याची बायको प्राजक्ता हिने गरम भाकरी आणि मेथी पुढ्यात ठेवली आणि नितीनने भाषण.

"त्यांच्या घरात आपण पडायचं नाही, ताई. संपतदादा डोक्यात राख घालतो. तू जाशील निघून, इथे संबंध मला सांभाळायचेत."

"मग सांभाळ. गाडीची किल्ली दे."

"नाशिकच्या ट्रॅफिकमध्ये तू? तिकडे हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत म्हणे."

"इथे वाजवीन ना! भरपूर वाजवीन."

प्राजक्ताने किल्ली आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. नितीन तिच्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. निफाडकडची जानेवारीतली थंडी गंमत नाही, स्वेटर-कानटोपी घेऊनच जा. महामार्गाने चांदोरीवरून सायखेडा सरळ पडतं, पण मी मुद्दाम नाशिकरोडवरून एकलहऱ्याचा रस्ता धरला. बाबा तिथल्या वीज केंद्रात नोकरीला होते, माझं शाळेचं वय तिथल्या कॉलनीत गेलं. रस्त्याला खड्डे आहेत, उसाचे ट्रॅक्टर आडवे येतात, पण दोन्ही बाजूंना कोबी, टोमॅटो, झेंडू असे मळे लागतात. धुराड्यांच्या अलीकडे टपरीवर चहा घेतला. वडापाव चांगला होता, मिरची त्याहून चांगली.

"एकट्याच का ताई?" टपरीवाल्याने विचारलं.

"येताना दोघी असू," मी म्हणाले खरी, पण आत्याला कशी आणायची हे ठरलेलंच नव्हतं. वाद घालून संपतदादा ऐकणार नाही हे नितीनचं म्हणणं खोटं नव्हतं.

आणि तिथे बाकड्यावर बसल्या बसल्या मला बाबा आठवले. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते इथूनच सायकलवर निघायचे, बहिणीला माहेरपणाला आणायला. आत्याचा सासरा म्हणजे जमदग्नी. तिला दारातल्या बाभळीपर्यंत जायची चोरी. पण मुराळी आला की त्याचंही काही चालायचं नाही. माहेराहून लेकीला न्यायला आलेला माणूस रिकामा परत पाठवायचा नसतो. माहेरचा अपमान होतो, गावात नाव जातं. सासरा तोंड फिरवून बसायचा आणि सासू गुपचूप पिशवी भरून द्यायची. आई गं! मी चहा अर्धा टाकून उठले. नाशिकरोडला परत फिरले, एक नऊवारी घेतली, खण घेतला, लाडवांचा डबा घेतला. दुकानदार म्हणाला, "कार्य आहे का?" मी म्हटलं, "आहे तर!"

सायखेड्याला पोचले तेव्हा अंगणात द्राक्षाचे क्रेट रचलेले. आत्या ओट्यावर उन्हात बसलेली. आवाजावरून ओळखलं तिने. माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि म्हणाली, "वाळलीस." मी चांगली गरगरीत आहे, पण वाद घातला नाही. सुमनवहिनीने पिठलं-भाकरी केली. अशी भाकरी खायची असेल तर कुणाच्या तरी घरीच जायला हवं, हॉटेलात मिळत नाही. जेवण झालं तसा संपतदादाने विषय काढला.

"डोळ्याचं बोलायला आली असशील तर द्राक्षं निघू दे," तो म्हणाला. "वस्तीवरच्या एकाचा डोळा गेला ऑपरेशनमधी. ठावं हाय तुला?"

"मी डोळ्याचं काही बोलायला आले नाही," मी साडीची पिशवी पुढे ठेवली. "मी मुराळी म्हणून आलेय. आत्याला माहेरी न्यायला."

सुमनवहिनीच्या हातातला तांब्या तिथेच थांबला. संपतदादा हसला, मग हसायचं राहून गेलं.

"मुराळी भाऊ असतो. बाई कुठं मुराळी असती का? आन या वयात कसलं माहेरपण?"

"भाऊ नाही राहिला तिचा. भावाची लेक आलीय. आणि वयाचं म्हणशील, तर माहेर काय चाळिशीला बंद होतं का रे?"

"नितीन का नाय आला?"

"त्याला धीर झाला नाही. मला झाला."

"मी नाय पाठवणार."

"नको पाठवू. मी चावडीपाशी गाडी लावते, तिथेच डबा उघडते आणि विचारेल त्याला सांगते, सायखेड्याहून मुराळी रिकामा चालला म्हणून. तुझ्या आज्यानेसुद्धा कधी रिकामा पाठवला नव्हता!"

आता खरंच भांडण पेटणार, तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. "सुमन, पिशवी भर गं माझी. ती निळी साडी घाल त्यात. माझ्या भावाचं रगत आलंय दारात, ते काय रिकामं जाईल?"

सुमनवहिनीने पिशवी इतक्या झटकन भरली की ती आधीच भरून ठेवलेली असावी अशी मला शंका आली. संपतदादा आत गेला आणि डोळ्यांच्या थेंबांची बाटली घेऊन आला. रोज दोनदा तो स्वतः घालतो म्हणे. बाटली माझ्या हातात दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. त्या क्षणी मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण गाडी सुरू केलीच.

एकलहऱ्याच्या अलीकडे आत्या म्हणाली, "दवाखान्यात न्यायलीस ना मला?"

मी गिअर बदलला.

"डोळं गेलंत, कान नाय गेले. आन ऐक, मुराळी म्हणून आणलंस तर आधी माहेरपण कर. खोटं नाय चालायचं. दवाखान्याचं मी बघीन काय ते."

म्हणजे मी लढाई जिंकून आले आणि हिने मलाच जागेवर बसवलं! गाडीतल्या माणसाच्या वतीने ठरवायचं नाही, हा नियम मी कॉर्कमध्ये पाळते आणि नाशिकला आल्यावर गुंडाळून ठेवला होता. मग काय, केलं माहेरपण. प्राजक्ताने तिला तेल लावून न्हाऊ घातलं. भद्रकालीच्या बाजारात बांगड्या भरल्या, हिरव्या, तिने बोटांनी चाचपून निवडलेल्या. पुरणपोळी झाली. नितीन, संबंध सांभाळणारा नितीन, तिच्या मांडीवर डोकं ठेवून टीव्ही बघत होता. नंतर एका सकाळी ती स्वतःच म्हणाली, "चला, झालं माहेरपण. आता डोळा दाखवू."

नाशिकला डोळ्यांची धर्मादाय रुग्णालयं आहेत आणि कामं चांगली होतात. सकाळी लवकर जा, आधार कार्ड न्या, आणि सोबत खायला काही ठेवा, कारण तपासण्यांत वेळ जातो. साखर-रक्तदाब बघितला, भिंगाचं माप घेतलं. संमतीच्या कागदापाशी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, मुलगा आलाय का? सही लागेल."

"डोळा कुणाचा हाय, पोरी?" आत्याने विचारलं.

"तुमचाच की."

"मग सही माझी." आणि कागद नाकाला लावून, वाकडी का होईना, पूर्ण नाव लिहिलं. मुलीने शेजारी माझीही सही घेतली आणि हसून पुढे पाठवलं. त्या दिवशी फक्त उजवा डोळा करायचा होता.

आत्या आत गेली आणि बाहेरच्या बाकापाशी संपतदादा येऊन उभा राहिला. पिकअपमधून, अंगावर शेतातलेच कपडे. नितीननेच कळवलं असणार.

"गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नायस. आईला भाची पळवून घेऊन गेली म्हणत्यात."

"म्हणू देत."

"तुझं बरंय. तू बसशील विमानात. थेंब कोण घालणार महिनाभर? रात्री उठून तिनं डोळा चोळला तर तिथनं येशील का?"

खरं सांगू, हा प्रश्न मला लागला. परदेशातून येऊन चार दिवस पुढारपण करणाऱ्यांची मलाही चीड आहे. पण म्हणून मी मान खाली घातली नाही.

"मी नाही घालणार. तूच घालणार. दोन वर्षं तूच घालतोयस. माझं काम इथपर्यंत आणायचं होतं, ते मी केलं. पण तुला भीती वाटते म्हणून तिने ओट्यावर बसून राहायचं, हे चालणार नाही, दादा. भीती तुझी आणि अंधार तिला?"

तो बाकावर बसला आणि म्हणाला, "वस्तीवरचा तो... माझा शाळेतला दोस्त हाय." मी त्याला कॅन्टीनमधून चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आत्याने आधी स्वतःच्या बांगड्या पाहिल्या, मग माझ्याकडे, मग म्हणाली, "आगं, तू तर चांगली गुटगुटीत हाईस!" संपतदादा मोठ्याने हसला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. डॉक्टरांनी थेंबांच्या वेळा सांगितल्या त्या त्याने दोनदा विचारून घेतल्या. आत्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसून घरी गेली.

आता मी कॉर्कला परत आलेय. गुरुवारी नोराबाईला नेते, शुक्रवारी दुसऱ्या एकांना. ग्रुपवर मला "टॅक्सी" म्हणतात, मी चालवून घेते. डावा डोळा मे महिन्यात करायचं ठरलं होतं. मी सुट्टीसुद्धा टाकली होती. परवा फोन केला, "आत्या, मे महिन्यात येतेच गं तुला न्यायला."

"कशाला?" पलीकडून आत्या म्हणाली. "मी आले की करून. पारूला घेऊन गेले होते एसटीनं. तिचाबी दाखवून आलो." पारू म्हणजे तिची शेजारीण, हिच्याहून म्हातारी.

मला क्षणभर चक्क राग आला. मी सगळं ठरवत बसलेय आणि ही एसटीने जाऊन मोकळी! संपतदादाला विचारलं, तर तो म्हणे, "मला कुठं विचारलं तिनं? गाडी सुटल्यावर कळलं. मग पळालो पिकअप घेऊन मागनं."

"माझ्यासाठी थांबली का नाहीस?" मी आत्याला विचारलं.

"न्यायला कोण येतंय त्याची आयुष्यभर वाट बघितली गं बाय," ती म्हणाली. "आता रस्ता दिसतोय मला."