मेलेल्या माळ्याची हजेरी

तो माळी तिसऱ्या प्रकरणातच मेला होता. मी त्याला शेवटच्या प्रकरणाच्या दारापर्यंत चालता-बोलता ठेवला. या पापाचा पश्चात्ताप मला अजून नीट जमलेला नाही, कारण करायला बसलो की मध्येच हसू येतं. माळी संगणकावरच्या एका खेळातला होता हे आधीच सांगून टाकतो. पण मी ज्यांना फसवलं ते माझे सासरे खरे आहेत, आणि चांगले खणखणीत आहेत.

सासरे कामठीला एकटे राहत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. एका दुपारी ते गॅसवर दूध ठेवून पत्ते खेळायला निघून गेले. शेजाऱ्यांनी कुलूप तोडून जळकं पातेलं बाहेर काढलं आणि माझ्या बायकोला फोन केला. तिने त्याच संध्याकाळी वडिलांना बॅगेसकट नागपूरला, मानेवाड्यातल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. आणलेच आहेत तर म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशनही उरकून घेतलं.

"दूध काय, कोणाचंही जळते," सासरे म्हणायचे. "त्याच्यात डोक्याचा काय संबंध?"

"बाबा, तुम्ही कुलूप लावून गेले होते."

"मंग? उघडं टाकून जायचं होतं का?"

डॉक्टरांनी वाचन आणि टीव्ही बंद केला होता. काळा चष्मा लावून सासरे दिवसभर सोफ्यावर बसत आणि जिन्यातून कोण चढतंय ते चपलांच्या आवाजावरून सांगत. बहुतेक वेळा बरोबर सांगत. तरीही एखादं नाव त्यांना चटकन आठवलं नाही की बायको माझ्याकडे पाही, आणि ती पाहते हे त्यांना काळ्या चष्म्यातूनही कळे.

हैदराबादला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने फोनवर तोडगा काढला. तिच्या जुन्या लॅपटॉपवर एक व्हिज्युअल नॉव्हेल पडून होती, ती मी आजोबांना वाचून दाखवावी. हा प्रकार मला माहीत नव्हता. पडद्यावर एक चित्र येतं. खालच्या पट्टीत कोणीतरी बोलतं. बटण दाबलं की पुढचं वाक्य. अधूनमधून खेळ आपल्यालाच विचारतो, आता काय करू? पार्श्वभूमीला पियानो, म्हणजे कोणीतरी मरणार.

"चित्र हालते का?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही, मामाजी."

"आपल्याले पळा लागते का?"

"नाही."

"मंग याले गेम काहून म्हणते?"

गोष्ट अशी होती: डोंगरावरचं जुनं क्षयरोग्यांचं इस्पितळ, बर्फाने रस्ता बंद, आणि आतले लोक एकेक करून मरताहेत. एक डॉक्टरीणबाई, एक नर्स, एक आंधळा पियानोवाला, एक माळी आणि दोन-चार रोगी. शेवटच्या प्रकरणात खेळ विचारणार, खुनी कोण? नाव बरोबर सांगितलं तर उरलेले वाचतात, चुकलं तर कोणीच वाचत नाही. सगळं इंग्रजीत. रोज संध्याकाळच्या चहानंतर मी एकेक वाक्य मराठीत करून सांगायचो.

पहिलं प्रकरण संपलं तेव्हा सासऱ्यांनी माझ्या बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं.

"ऐक वं बाई. हा खुनी मी पकडला, तं मी माह्या घरी कामठीले जाईन अन् तू आडवी येणार नाही. नाही पकडला, तं समजून घे डोकं गेलं. मंग तू ठेवशील तिथं राहीन, घराचं नावबी काढणार नाही."

"मंजूर," बायको म्हणाली. मला मात्र आत येऊन सांगितलं, "इंग्रजी खेळ आहे. त्यांना काय सापडतो खुनी."

सासऱ्यांचा सगळ्यात जीव जडला तो माळ्यावर. म्हातारा, खडूस, सूपाला नावं ठेवणारा, डॉक्टरीणबाईंना तोंडावर बोलणारा. "हा माणूस आपला आहे," ते म्हणायचे.

तिसरं प्रकरण सुरू करायचं त्या दिवशी कामठीहून निरोप आला. त्यांच्या पत्त्यांतला भिडू गेला होता. मी त्यांना घेऊन कन्हानच्या घाटावर गेलो. परत येऊन आंघोळी झाल्या, चहा झाला, आणि ते म्हणाले, "वाचा, जावईबापू. दुसरं काही सुचून नाही राहिलं."

मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर काचेचं झाडांचं घर, आणि छताच्या दांड्याला लोंबकळणारा माळी.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. केस अजून ओले होते. मी म्हणालो, "माळी बहिणीकडे गेला."

"ह्या बर्फात?"

पहिलं खोटं एका वाक्याच्या आत आंबलं. "निघाला होता," मी म्हणालो. "अर्ध्या वाटेतून परत आला."

"येईनच," सासरे म्हणाले. "हट्टी आहे."

दुसऱ्या दिवशी त्याला गुपचूप मारायला हवा होता, हे मला कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिला प्रश्न केला, "माळी काय म्हणते?" आणि मी सांगून टाकलं की माळी म्हणतो, इथल्या चहात आलं नाही, असला चहा घोड्यालाही देऊ नये. सासरे घाटावरून आल्यापासून पहिल्यांदा हसले.

मग मला चटक लागली. हे कबूल करताना लाज वाटते, पण अर्धवट कबुलीत काही अर्थ नसतो. ऑफिसात जेवणाच्या सुटीत मी माळ्याची वाक्यं जुळवायचो. साहेबांना जे बोलता येत नव्हतं ते माळी डॉक्टरीणबाईंना बोलायचा. बायकोला जे बोलता येत नव्हतं ते नर्सला. पडद्यावर दोघी गंभीरपणे प्रेतावर चादर ओढत असायच्या आणि माझा माळी दारात उभा राहून चादर मळकी आहे म्हणायचा. खऱ्या लेखकाने रक्ताचं पाणी करून जे भय उभं केलं होतं, त्यात मी रोज संध्याकाळी हा म्हातारा सोडत होतो.

सहाव्या-सातव्या प्रकरणाच्या सुमारास सासरे माळ्याच्या वाक्यांना हसेनासे झाले. मला वाटलं, माझी लेखणी उतरली. एके संध्याकाळी त्यांनी हात वर करून वाचन थांबवलं.

"जावईबापू, खुनी सापडला."

"कोण?"

"माळी."

मी बटणावरचं बोट उचललं.

"पाहा," ते म्हणाले. वर्गात बोलत असावेत तसा आवाज. "हा सगळ्याइले बोलते. पण याले कोणी बोलते का? नर्स उत्तर देते? डॉक्टरीण 'हो' म्हणते? ताटं मांडते तं याचं ताट मोजते का? वर्गात असा एक पोरगा राहते. रोज हजेरी लागते, 'येस सर' ऐकू येते. अन् बाजूच्याले विचारलं तं तो म्हणते, सर, मी तं त्याले कधी पाह्यलंच नाही. तो पोरगा वर्गात नसते. त्याची हजेरी दुसरंच कोणी लावून राह्यलं असते. हा माळी तो माळी नाही. खऱ्याले मारून त्याच्या जागी दुसरा आला आहे. बहिणीकडे गेला होता नं? तिथून जो आला तो दुसरा."

इतकी वर्षं मी हिशेब तपासण्याच्या नोकरीत आहे, माझी चूक इतक्या सफाईने कोणी पकडलेली नाही.

पुढच्या सुटीच्या दिवशी, सासरे झोपलेले असताना, मी शेवटचं प्रकरण एकट्याने उघडून पाहिलं. सुरुवातच माळ्याच्या थडग्यापाशी. सगळे तिथे उभे. पुढचा सगळा उलगडा माळ्याच्या मुठीत काय सापडलं यावर. आणि शेवटी संशयितांचे चेहरे एका ओळीत. त्यात माळी नव्हता, कसा असेल?

बायकोने स्वयंपाकघरात गाठलं. "खुनी कोण निघतो? बाबा तर म्हणताहेत माळी."

"माळी नाही."

"मग बाबा राहतात." तिने कढईवर झाकण ठेवलं आणि पदराला हात पुसले. कितीतरी दिवसांनी ती सैल दिसली.

इथे खरं लिहायचं तर मीही सैल झालो. मला काहीच करायचं नव्हतं. गप्प बसून प्रकरण वाचायचं, सासरे माळ्याचं नाव घेणार, खेळ चूक म्हणणार, आणि माझ्या घरात संध्याकाळी माझी वाट पाहणारा माणूस कायमचा राहणार. मुलगी हैदराबादला गेल्यापासून मी घरी आलो की कोणी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेलं नसायचं. वर मेलेल्या माळ्याला जिवंत ठेवल्याचं बिंगही फुटणार नव्हतं. थडग्याचा प्रसंग मी सहज गाळला असता. हात बसला होता.

अडचण एकच होती. हरल्यावर सासरे खेळाला दोष देणार नव्हते. आपलं डोकं गेलं असं मानून ते सोफ्यावर बसणार होते, आणि पुन्हा घराचं नाव काढणार नव्हते. दिला शब्द पाळणारा माणूस होता.

मी चार दिवस टाळाटाळ केली. चार्जर बिघडला, अपडेट आला. सासरे म्हणाले, "तुम्ही नापास व्हायले भिऊन राह्यले का मी?"

शेवटी रविवारी दुपारच्या चहाला बायको मेथीची जुडी घेऊन निकालाला येऊन बसली. मी लॅपटॉप उघडला. पियानो सुरू झाला.

"कोण मेलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"माळी," मी म्हणालो. "मामाजी, माळी तिसऱ्या प्रकरणातच मेला. आपण घाटावरून आलो त्या दिवशी. पुढे जे काही तो बोलला ते मी बोललो."

बायकोच्या हातात मेथीची काडी तशीच राहिली. सासऱ्यांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हटलं होतं, पण सांगायची हिंमत कोणाला होती.

"सूपात केस निघाला ते?"

"मी."

"डॉक्टरीणबाईले 'तुमची पदवी कुठून घेतली' म्हटलं ते?"

"मीच."

"तुम्ही ऑफिसात काय करता हो?" बायको म्हणाली.

मला वाटलं सासरे रागावतील, निदान एक शिवी तरी. शिवी आली असती तर बरं वाटलं असतं.

"मले काहून वाचवलं?" ते म्हणाले. "माळ्याले नाही म्हणत मी. मले. घाटावर मी लाकडं रचून आलो होतो, जावईबापू. कागदावरचा माळी मेल्यानं मी काय पडणार होतो?"

मी लॅपटॉप मिटायला घेतला.

"वाचा," ते म्हणाले. "त्याचं मरण वाचा. जसं लिहिलं तसं."

मी मागे जाऊन तिसरं प्रकरण काढलं आणि वाचलं. काचेवरचं धुकं, उलटी पडलेली कुंडी, मूठ. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. लेखकाने ते फार चांगलं लिहिलं होतं. माझा माळी त्याच्यापुढे बाजारबुणगा होता.

"आता खुनी सांगा, बाबा," बायको म्हणाली. तिचा आवाज आधीच हरल्यासारखा होता.

"कायचा खुनी? पेपर फुटला की परीक्षा रद्द होते. निकाल लागत नाही."

"मग पुन्हा घेऊ."

"पुन्हा कोण घेईन? बोर्डच चोर निघालं."

बायकोने काडी टोपलीत टाकली. "कामठीच्या घराचं कुलूप बदलावं लागेल," ती म्हणाली. "तोडलेलं आहे." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही. तुमच्याशी मी नंतर बोलते."

सासऱ्यांनी चष्मा पुन्हा लावला. जिंकल्याचा आनंद दाखवायचा नाही एवढं भान त्यांना होतं. मेलेल्याची हजेरी दुसरंच कोणी लावतंय हे ओळखणारं डोकं गेलेलं नाही, हे त्यांनी सिद्ध केलं होतं. बाकीचे खून बर्फातल्या लोकांनी आपसात पाहून घ्यावेत.

पुढच्या रविवारी मी त्यांना कामठीला सोडून आलो. जाताना ते माळ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बायकोने शेजाऱ्यांना एवढ्या सूचना दिल्या की शेजारीणबाई म्हणाल्या, आम्हाला लिहूनच द्या. परत येताना गाडीत ती खिडकीबाहेर पाहत होती आणि मी तिला काही समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही. घरी आलो. सोफा रिकामा होता. चहा झाला, आणि फोन वाजला.

"जावईबापू, लॅपटॉप आहे का जवळ?"

"आहे, मामाजी."

"तं वाचा राह्यलेलं. अन् कोणी मेलं, तं मेलं म्हणा."

मी फोन टेबलावर ठेवून शेवटचं प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचलं. थडगं, मूठ, सगळं. ते मध्ये दोनदा थांबवून प्रश्न विचारत राहिले. चेहऱ्यांची ओळ आली तेव्हा मी एकेक नाव सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "नर्स."

मी नर्सच्या चेहऱ्यावर बटण दाबलं. पडदा काळा झाला.

माझ्या तोंडाशी आलं होतं की बरोबर. फोनवर त्यांना काय कळणार होतं.

"चूक, मामाजी," मी म्हणालो.

पलीकडे त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"चुकलो तं चुकलो," ते म्हणाले. "आता सगळे मरते का?"

"हो."

"पियानोवालाबी?"

"तो पहिला."

"बरं," ते म्हणाले. "वाचा."