तुमचंच हाय

आमच्याकडं पाहुणा दारात आला की तोंडातून आपोआप निघतं, "या, बसा, तुमचंच हाय." म्हणून काही कुणी घर उचलून नेत नाही. निदान मला तसं वाटायचं.

वारंगा फाट्याजवळच्या आमच्या गावात आम्ही बायकांनी बुद्धविहार बांधला. विटा डोक्यावर वाहिल्या, पाणी विहिरीतून शेंदलं, गवंडी मिळेना तेव्हा गिलाव्याला थापीसुद्धा आम्हीच धरली. एका भिंतीनं पोट काढलंय, ती माझी.

मागच्या वर्षी एका परदेशाच्या वकिलातीची माणसं गाड्या घेऊन आली. तेबी बुद्धाला मानणारे. त्यांनी पांढरी मूर्ती भेट दिली, लय देखणी. दुभाष्या म्हणाला, "आजी, साहेबांना तुमचा विहार फार आवडला." समोर कॅमेरा. मी हात जोडले आणि म्हणाले, "तुमचाच हाय की."

महिनाभरानं सून मोबाईल घेऊन माझ्यापाशी आली. त्यांच्या सरकारनं जगाला दाखवायला आमच्या विहाराचा व्हिडिओ केला होता. माझ्या तोंडाखाली त्यांची अक्षरं पळत होती. सुनेनं मोबाईलकडूनच त्याचं मराठी करून घेतलं.

"आत्याबाई, इथं लिहिलंय, 'हा विहार तुमच्या देशानं आम्हाला दिला.'"

"मी म्हणले का असं?"

"तुमी म्हणलात, तुमचाच हाय. त्यांनी बराबर तेवढंच धरलं."

मी पुन्हा लावायला सांगितलं. तीच मी, तेच जोडलेले हात, मागं माझी पोट काढलेली भिंत. माझंच तोंड माझ्याविरुद्ध साक्ष देऊन राहिलं होतं.

"एवढ्या मोठ्या सरकारला आमचा विहार काहून लागतो?"

"विहार नको त्यांना. लोकांनी चांगलं म्हणावं, एवढंच पाहिजे."

"मूर्ती दिली, तर म्हणलंच असतं की चांगलं."

दुसऱ्या दिवशी, सगळ्यात जास्त विटा वाहिलेली माझी मैतरीण वंदनेला आली. तिनंबी तो व्हिडिओ पाहिला होता. मान चोळत म्हणाली, "माझी मान दुखती ना, तीबी त्यांनीच दिली का गं?"

परवा तीच माणसं परत आली, तोच कॅमेरा. विहार छान ठेवलाय म्हणाले. माझ्या जिभेवर तेच आलं होतं, गिळलं.

"हा आमचा हाय," मी म्हणाले. "आमी बांधला. मूर्ती तुमी दिली. बसा, चहा घ्या."

पाहुण्याला असं आमच्याकडं कुणी बोलत नाही. मागून मैतरीण हळूच म्हणाली, "चहा कोणाचा, तेबी सांगून ठेव."