आत्याची मिटलेली मूठ

“माणसांचं ऐकलं होतं, आता कुत्र्यालाही कुंड्या दाखवतात,” पाणी भरणारी एक बाई दुसरीला म्हणाली आणि दोघी पदराआड हसल्या. आत्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. काळूला कडेवर घेऊन ती तिसऱ्या कुंडीत वाकली. मी दोन पावलं मागे उभी होते.

बुऱ्हाणपुरात तेव्हा पिसाळलेलं कुत्रं चावलं की माणसाला शहराबाहेरच्या कुंड्यांवर नेत. जमिनीखालून एकमेकींना जोडलेल्या त्या विहिरी; सातांत डोकावलं की विष उतरतं, असा समज. आमच्या काळूची मान आदल्या दिवशी अशाच एका कुत्र्याने फाडली होती. आत्याने ती जखम उघड्या हातांनी पुसली, तिखट भरलं. त्याच सकाळी कच्ची केळी चिरताना विळीने तिचं बोट कापलं होतं. ते फक्त मी पाहिलं होतं.

अशा जनावराची लाळ जखमेत गेली तर माणूस दगावतो, हे मी मिशनच्या शाळेत शिकले होते. सगळं पाठ होतं, पण इंग्रजीत. घरी काही बोलायला जावं तर आत्या म्हणायची, “आली आमची मेमसाब.” संध्याकाळी वडील संस्थानांच्या विलीनीकरणाच्या बातम्या मोठ्याने वाचत, आणि मी गप्प बसून ऐकत असे. त्या दिवशी मनातल्या मनात इच्छापुरच्या देवीला विनवत होते, की आई, कुणाच्या तरी तोंडून तू हे वदव, माझ्याने होणार नाही.

सहाव्या कुंडीपाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सिंधहून आलेले निर्वासित. तिकडे गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, हे मागाहून कळलं. काळूची मान पाहताच ते उठले. त्याला खाली उतरवायला लावलं. जखम साबणाने धुवायची, पण हाताला जाड फडकं गुंडाळून. मग सहा महिने वेगळं बांधायचं, भाकरी लांबून सरकवायची, कुरवाळायचं नाही. आत्या म्हणाली, “देवी राखेल, बाबा. लेकरू आहे माझं.” तेव्हा त्यांनी विचारलं, “इसको नंगे हाथ किसने छुआ? किसी के हाथ में घाव तो नहीं?”

आत्याने मूठ मिटली. दवाखान्यात कळलं तर काळूला मारून टाकतील, ही तिची भीती.

पुढे तिने पोटात चौदा सुया घेतल्या, रोज मला बोल लावत. काळू सहा महिने परसात शेवग्याखाली बांधलेला असे आणि ती लांब पाटावर बसून त्याला दिवसभराच्या गोष्टी सांगे. दोघंही जगली. कार्बोलिक साबणाचा वास आला की अजून ते परस डोळ्यांपुढे येतं. ते गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत. कुणी पाठवलं त्यांना, याचा वाद मी कधी घातला नाही. देवघरात हात मात्र रोज जोडते.

भार देवीवर टाकला की आपण सुटलो, असं मी समजत होते. तिने माणूस पाठवला, प्रश्नही विचारायला लावला, आणि उत्तरापाशी मला उभं केलं. उत्तर तेवढं आपण द्यायचं आणि बाकीचं तिच्यावर सोडायचं, हे मला तिथे उमगलं.

सहाव्या कुंडीपाशी आत्या डोळ्यांनी मला नको नको म्हणत होती. मी म्हणाले, “आत्या, मूठ उघड. तुझं बोट कापलंय, मी पाहिलंय.”