डॅशबोर्डवरची वाटी

अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ दर रविवारी भेटतात. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांची जुनी अमेरिकन गाडी सुरू झाली की आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे कप किणकिणायचे, तेवढी ओळख मला पुरली.

असली गाडी घेणारे आवाज वाढवायला धडपडतात. ह्यांची धडपड मात्र तो कमी करायची.

"हायवेवर आत इतकं घुमतं, की मुलगी हेडफोन लावून बसते," ते म्हणाले. "बोलणं खलास!"

मग त्यांनी सायलेन्सर बदलला, कार्पेटखाली जाड रबरी शीट अंथरलं. परीक्षा घरगुती होती. डॅशबोर्डवर स्टीलची वाटी आणि वाटीत चमचा ठेवायचा. ॲक्सिलरेटर दाबून, डोळे मिटून, सत्यनारायणाची कथा ऐकावी तसे ते चमचा ऐकत बसायचे. चमचा थरथरला की बॉनेट थोपटून म्हणायचे, "हबीबी, आता पुरे कर."

गेल्या रविवारी चमचा गप्प राहिला. त्यांनी लगेच मुलीला खाली बोलावलं आणि "यल्ला!" म्हणत अबू धाबीच्या रस्त्याला लागले.

संध्याकाळी परत आले, तेव्हा मी मुद्दाम खाली रेंगाळत होतो. मुलगी "हाय, अंकल" म्हणून लिफ्टकडे गेली. हेडफोन कानावरच होते.

"मग? झालं का बोलणं?" मी विचारलं.

"गाडी एकदम शांत झालीय हो," वाटी रुमालाने पुसत ते म्हणाले. "तिच्या हेडफोनमधलं गाणंसुद्धा मला ऐकू येत होतं."

मग वाटी रुमालात गुंडाळत म्हणाले, "चांगलं होतं गाणं."