एक जूनची झुंबर

उद्या या वेळेला झुंबरच्या कपाळाला मुंडावळ्या असतील, या विचारानं केशरबाईंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता.

झुंबर त्यांच्या नववीच्या वर्गातली. पाथर्डीकडच्या त्या गावातून दर साली दसरा झाला की निम्मी घरं ऊसतोडीला निघायची. तिचे आईबापही जायचे, पण पोरीला चुलतीजवळ ठेवून. अंगानं काडी, पण वर्गात पहिला हात तिचाच वर.

बाई नगरच्या कॉलेजातून बी. ए. झालेल्या, इंग्रजी शिकवायच्या. श्रावणात त्यांनी क्लॉज घेतले. 'व्हेन द बेल रिंग्ज' एवढंच म्हणून थांबलं तर ऐकणारा पुढची वाट बघत राहतो. 'वी गो होम' मात्र एकटंच पुरं असतं. पहिलं उपवाक्य गौण, दुसरं स्वतंत्र. मुलं फळ्याकडे नुसतीच बघत राहिली. झुंबर उठली.

"बाई, ह्ये अर्ध्या कोयत्यावानी झालं की!"

वर्ग खो खो हसला. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटा गडी अर्धा.

"एकल्याला मुकादम इचारीतच न्हाई," झुंबर म्हणाली. "जोडी लागती."

"शाबास!" बाई म्हणाल्या होत्या. आता ती शाबासकी आठवली की ती परत घ्यावीशी वाटे.

काल तिचा बाप, श्रीमंत नाव त्याचं, शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला.

"कारखान्यावरच्या शाळेत घालताय का?"

"न्हाई जी. परवा उरकून टाकतोय. पोरगा भावकीतलाच हाय, अर्धा कोयता म्हनून आडून बसलाय."

"अहो, चातुर्मासात लग्न?"

"गाड्या काय तुळशीच्या लग्नाला थांबत्यात व्हय?"

"तेरा वर्षांची आहे ती! कायद्यानं पंधरा पुरी लागतात."

श्रीमंत रागावला नाही, हसला. "रजिस्टर बगा की, बाई. पंधरा झाल्यात. तुमच्याच हातचं हाय."

बाईंनी रजिस्टर उघडलं; अक्षर त्यांचंच होतं. सदुसष्ट साली झुंबरला तिच्या आईनं पाचवीत घालायला आणलं, तेव्हा जन्मतारीख कुणाला ठाऊक? "पानशेत फुटलं तवा तीन वर्सांची हुती," एवढंच आई म्हणाली. पानशेत एकसष्टचं, म्हणजे नऊ. एवढ्या लहान पोरीला हेडमास्तर पाचवीत घेईनात, आणि पोर तर खडाखडा वाचत होती. ज्यांची तारीख माहीत नाही त्यांची एक जून लिहायची, ही शाळेची रीतच. निम्मा वर्ग एक जूनला जन्मलेला. बाईंनी एक जून लिहिलं आणि साल दोन वर्षं मागं सरकवलं. पोरीचं भलं होईल म्हणून.

आज शनिवार. झुंबरचा बाक रिकामा. शाळा सुटल्यावर बाई काल जमा झालेल्या वह्या तपासत बसल्या, तर तिची वही निघाली. स्वतःच्या मनानं दहा वाक्यं लिहायची होती. नऊ चोख. दहावं, 'इफ बाई कम्स टू माय हाउस', मग स्वल्पविराम. पुढं काहीच नाही.

बाईंनी वही मिटली. लग्न थांबवायचं तर खोटी नोंद केली असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, म्हणजे चौकशी, कदाचित नोकरीही. श्रीमंतची भावकी दारात उभी राहील ती वेगळी. आणि बोभाटा झाला म्हणून त्यांनी आजच गाडी जुंपली तर? घरी त्यांची स्वतःची लेक, तीही तेराचीच, अजून रिबिनीसाठी रुसणारी. डोळे मिटले की मुंडावळ्या कधी या कपाळावर दिसत, कधी त्या.

वही पदराखाली धरून त्या पोस्टात गेल्या. दुपारची वेळ, पोस्टमास्तर आसाराम टपालावर शिक्के मारत होते.

"ट्रंक कॉल लावायचाय. पाथर्डीला, मामलेदार कचेरीत."

"मामलेदार? अर्जबिर्ज पाठवा ना, बाई. फोनवर एवढं काय अडलंय?"

परत फिरायला अजूनही दार उघडं होतं.

"एका मुलीचं वय मी चुकीचं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "उद्याच्या आत सांगायला हवं. लावा नंबर."